त्यांचा इचार चाललाय

कोल्हापुरात कुणी तुम्हाला 'विचार करून सांगतो' म्हणालं, तर उरलेला चहा एका घोटात संपवावा, कप खाली ठेवावा आणि उठावं. पुढं काही सांगितलं जाणार नसतं. मुलगी बघायला आलेली मंडळी चपला घालता घालता हे वाक्य म्हणतात, त्याचा अर्थ मुलगी पसंत नाही. पुढारी खांद्यावर हात ठेवून 'पुढच्या वेळी तुमचा विचार करू' म्हणतो, त्याचा अर्थ पुढच्या वेळी त्याचा पुतण्या. रस्त्यात दोन मोटारसायकली घासल्या आणि समोरच्यानं शांतपणे 'काय पावणं, काय विचार हाय?' असं म्हटलं, तर तो तुमचं मन जाणून घ्यायला आलेला नसतो. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवावं. शाळेच्या फळ्यावर रोज एक सुविचार असतो. तो लिहिणारं पोर फक्त अक्षर बघून निवडलेलं असतं. आणि बायको ताट वाढता वाढता 'माझा कधी विचार केलाय?' म्हणाली, तर त्याला कुठल्याही भाषेत उत्तर नाही. जेवत राहावं.

इतक्या अर्थांनी हा शब्द आमच्या गावात राबतो. फक्त विचार करणे या अर्थानं त्याला कुणी कामाला लावत नाही. तसं लावणारा एकच माणूस मला भेटला. ते माझे घरमालक.

या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, दवाखान्यातला. तो मी मुद्दाम मागं ठेवलाय. तिथंपर्यंत हसून घ्या. पुढं फारशी जागा नाही.

बँकेत नोकरी लागून मी कोल्हापुरात आलो तेव्हा मंगळवार पेठेत त्यांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. खाली पुढचा सोपा आणि मागं स्वयंपाकघर, तिथं मालक, त्यांची बायको आणि शाळकरी मुलगा राहायचे. आम्ही भाडेकरू तिला काकी म्हणायचो. मालक उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. फाउंड्रीत लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा करतात. ते नमुने करायचं त्यांचं काम. हुबेहूब म्हणालो ते चुकलं. नमुना मूळ भागाहून किंचित मोठा ठेवावा लागतो, कारण तापलेलं लोखंड गार होताना आकसतं. किती आकसेल ते आधीच धरून चालायचं, आणि मगच लाकडाला करवत लावायची. या कामानं त्यांना ती सवय लावली, की मुळात सवय तशी होती म्हणून ते या कामात गेले, हे मला आजही सांगता येणार नाही.

राहायला आलो त्याच दिवशी मी विचारलं, "मालक, कॅलेंडरसाठी एक खिळा ठोकू का?"

"इचार करतो."

मी मनातल्या मनात त्याचं भाषांतर केलं, नाही, आणि कॅलेंडर ट्रंकेवर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी बँकेतून येतो तर मालक माझ्या खोलीत, भिंतीला कान लावून, बोटाच्या पेरानं टकटक करत उभे.

"पावणं," ते भिंतीपासून कान न काढता म्हणाले, "हितं आत काय हाय?"

"वीट?"

"खांब हाय. जुना. हितं ठोकला तर खिळा वाकंल. वाकला की तुमी चिडून हातोडी जोरात घालशीला. पोपडा पडंल. मग त्येच्यावर कॅलेंडर सरकवून ठेवशीला आणि मला वरीसभर कळायचं न्हाय."

माझ्या स्वभावाचं इतकं नेमकं वर्णन माझ्या वडिलांनाही जमलं नव्हतं. मग त्यांनी कॅलेंडर केवढं, कागद जाड की पातळ, वारा कुठल्या खिडकीतून येतो, मी डावखुरा आहे का, असं सगळं विचारून घेतलं आणि खाली गेले. आठवडा जातो न जातो तोच कानावर पेन्सिल खोचून वर आले आणि भिंतीवर एक बारीक फुली मारली. "हितं. सरळ."

तोपर्यंत काकींनी माझं कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधून टाकलेलं होतं.

त्या घरात अशा फुल्या जागोजागी होत्या. विचार जिथं पुरा झाला तिथं फुली. बऱ्याच फुल्यांवर खिळा कधी आलाच नाही, कारण तोवर काकींनी सुतळी वापरलेली असायची.

विचार करायला त्यांची एक खुर्ची होती. तिचे हात आणि पाय ओतीव लोखंडाचे, त्यांनी तरुणपणी केलेल्या पहिल्या पॅटर्नवरून ओतलेले, आणि बैठक सागवानी. ती उचलायला दोन माणसं लागत. मालकांना हलवायला त्याहून जास्त. ते तिच्यात बसले की दोन्ही तळवे लोखंडी हातांवर टेकायचे आणि डोळे उघडे ठेवून कुठंच बघायचे नाहीत. अशा वेळी कुणी दारात आलं की काकी स्वयंपाकघरातून लगबगीनं यायच्या, ओठावर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "थांबा. त्यांचा इचार चाललाय."

गॅसच्या टाकीवाल्याला त्या हे म्हणाल्या. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदारालाही म्हणाल्या. तो बिचारा टोपी काढून उभा राहिला; त्याला वाटलं आत कुणीतरी अत्यवस्थ आहे.

गल्लीतल्या मंडळाची पोरं गणपतीआधी आली होती. मांडवाची एक दोरी मालकांच्या गॅलरीला बांधायची होती. मालक म्हणाले, इचार करतो. पोरं कोल्हापूरची, त्यांना अर्थ बरोबर कळला. त्यांनी समोरच्या घराला दोरी बांधली, गणपती बसला, नाचगाणं झालं, विसर्जन झालं, मांडव उतरला. मग एके सकाळी मालक मंडळाच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "बांधा. पण डाव्या अंगाच्या खांबाला. उजवा पोकळ हाय." पोरांनी ते वाक्य पुढं वर्षभर एकमेकांना ऐकवलं. पण पुढच्या वर्षी दोरी डाव्या खांबालाच बांधली.

मी एकदा धीर करून विचारलं, "मालक, एवढा विचार कशाला? हो तर हो, नाही तर नाही."

"तापल्यावर बोललेलं गार झालं की आकसतं, पावणं. आज मोठ्यानं हो म्हनायचं आणि उद्या त्येच हो एवढंसं झालेलं बघायचं. त्यापरीस थांबावं."

मला ते शेवटपर्यंत पावणंच म्हणत राहिले. भाडेकरू पाहुणाच की, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांची खोली सोडून रंकाळ्याच्या बाजूला स्वतःचं घर घेतलं, माझे केस पिकले, तरी मी पाहुणाच.

काकी त्यांच्या अगदी उलट. गडहिंग्लजकडची बाई, आईला अव्वा म्हणणारी, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. त्या सगळ्यांना सगळं विचारायच्या. जेवलासा? आईचा गुडघा बरा हाय? काल उशिरा का आलासा? बँकेत कोण भांडलं? उत्तर येईपर्यंत पानात भाकरी पडलेली असायची. मालक मात्र माणसाला कधी काही विचारत नसत. भिंतीला विचारत, लाकडाला विचारत, आणि माणसाविषयी एकट्यानं खुर्चीत बसून ठरवत. काकी त्यांना तोंडावर म्हणायच्या, "माझं मला एकदा इचारून तर बघा. खुर्चीपरीस लवकर सांगते."

मालक हसायचे. विचारायचे नाहीत.

त्या पडल्या भाकरी थापताना. मालकांचा मुलगा पुण्याला नोकरीत, त्यामुळं पहिला फोन मला. मी पोचलो तेव्हा तवा गॅसवर तापून निळा पडला होता आणि काकींच्या हाताला ओलं पीठ होतं. दवाखान्यात नर्सनं ते पुसून काढलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्यांना मशीन लावलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मालकांना बाजूला घेतलं. तरुण माणूस, बोलायला चांगला. म्हणाला, "काका, श्वास मशीन देतंय. मेंदूकडून काही उत्तर नाही, आणि येईल असं मला वाटत नाही. पुढं काय करायचं, घरच्यांनी विचार करून सांगा."

हा तो अर्थ.

दवाखान्याच्या बाकांवर बसलेल्या प्रत्येकाला तो कळतो. विचार करा म्हणजे घरी न्या. नळ्या काढायच्या, तोंडावर रबरी पिशवी धरून ती दाबत दाबत अ‍ॅम्ब्युलन्समधून आणायचं, आणि शेवटचा श्वास आपल्या उंबऱ्याच्या आत झाला असं सगळ्यांनी मिळून मानायचं. डॉक्टर तो शब्द उच्चारत नाही, घरचेही उच्चारत नाहीत. डॉक्टर म्हणतो विचार करा, घरचे म्हणतात केला, आणि या दोन वाक्यांच्या मधून माणूस निघून जातो. मधला वेळ लागतो तो फक्त लांबच्या पोराला पोचायला.

मालक म्हणाले, "इचार करतो."

डॉक्टरांनी समजुतीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, झालं.

थोड्या वेळानं मला फोन. "पावणं, माझी खुर्ची आणा."

मी शेजारच्या एकाला मदतीला घेऊन ती टेम्पोत घातली आणि नेली. दवाखान्याच्या दारात रखवालदारानं अडवलं. "खुर्ची पेशंटला हाय का?"

"नाही. विचार करायला."

त्यानं माझ्याकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं. "आत न्हाय चालणार. काय इचार करायचा त्यो भाईर करा."

मग खुर्ची बाहेर, दुचाक्या लावायच्या जागेत, एका गुलमोहोराखाली ठेवली. मालक येऊन बसले. तळवे लोखंडावर टेकले. शेजारून मोटारसायकली निघत होत्या, डबे घेऊन बायका येत होत्या, कुणीतरी केळी सोलत होतं. आणि मालकांचा विचार सुरू झाला.

तो दिवस गेला. दुसरा गेला. मुलगा पुण्याहून आला, त्याचे डोळे सुजलेले. काकींचे भाऊ गडहिंग्लजहून जीप भरून माणसं घेऊन आले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. डॉक्टर रोज विचारत, "झाला का विचार?" मालक म्हणत, "चाललाय." डॉक्टरांना यातलं काही कळेना. त्यांच्या अनुभवात या प्रश्नाला इतका वेळ लागत नसे, कारण त्यांच्या मते हा प्रश्नच नव्हता.

अण्णा झाडाखाली आले. "दाजी, इचार काय करायचा त्यात? डॉक्टरनं सांगितलं की."

"सांगितलं कुठं? इचार करा म्हनलं."

"आवो, त्येचा अर्थ..."

"अर्थ मला ठावं हाय, अण्णा. पण त्यानं शबूद ह्यो वापरलाय."

अण्णा माझ्याकडं वळले. रागाच्या भरात त्यांनी मला जी गोष्ट सांगितली ती मी इतक्या वर्षांत ऐकलेली नव्हती.

"ह्यो माणूस असाच हाय, पावणं. आमच्या अक्काला बघून गेलता, तवाची गोष्ट. ह्येच्या चुलत्यांनी उठताना म्हनलं, इचार करून कळवतो. आमचं वडील, तात्या, काय समजायचं ते समजलं. घरात चूल पेटली न्हाई त्या दिवशी. मग चंदगडकडचं एक स्थळ आलं, जमलं, सुपारी फोडायला मानसं बसली. सुपारी ताटात, अडकित्ता तात्यांच्या हातात, आणि ह्यो दारात! एकटा! एस्टीनं आलेला! म्हनतोय, इचार केला, माझं हो हाय."

"मग?"

"मग काय! तात्या म्हनले, आवो पावणं, तुमी न्हाय म्हनलासा की. ह्यो म्हनतोय, न्हाय कुठं म्हनलं, इचार करतो म्हनलं. चंदगडची मानसं उठून उभी. मी पोरगं हुतो, पर काठी हुडकायला लागलो. आणि आतनं अक्का दारात आली, समद्यांच्या म्होरं, आणि ह्याला इचारलं, इतकं दिवस कशाचा इचार केलासा?"

पुढचं बोलताना अण्णांचा आवाज खाली आला.

"ह्यो म्हनला, तुमी चा दिलासा तवा कपाचा कान माझ्याकडं फिरवून दिलासा. असलं बारीक बघनारी बाई घरात आली तर तिला द्यायला माझ्याकडं काय हाय, त्येचा. अक्का म्हनली, मग काय घावलं? ह्यो म्हनला, काय न्हाय घावलं. म्हनून इचारायला आलो."

गुलमोहोराखाली मालक कुठंच बघत नव्हते. अण्णांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि त्यांच्याकडं बोट केलं. "तवा तरी इचारायला आलता."

संध्याकाळी माणसं पांगल्यावर मी चहा घेऊन गेलो. मालकांनी कप घेतला, पण पिईनात. मग ते आपणहून बोलले, जे ते कधी करत नसत.

"लोखंड किती आकसतं ते मला सांगता येतं, पावणं. बिडाचं येगळं, पोलादाचं येगळं, पितळंचं येगळं. ही गेल्यावर मी किती आकसंन, त्येचा अंदाज लागंना झालाय. तिकडनं लावून बघितला, हिकडनं लावून बघितला. त्यो काढल्याबिगर हो कसं म्हनू?"

मी हौशी नाटकांत भरपूर कामं केली आहेत. समोरच्यानं असं वाक्य टाकलं की त्यावर काय करायचं असतं ते मला ठाऊक आहे. मी काही केलं नाही. त्यांच्या हातातला गार झालेला कप घेतला आणि दुसरा आणायला गेलो.

वर, आयसीयूच्या काचेमागं, मशीन काकींची छाती वरखाली करत होतं. काकींच्या आवाजाशिवाय काकी मी पहिल्यांदा बघत होतो. त्यांनी मला जेवलासा का असं विचारलं नाही, हे मला तिथं उभं राहून हळूहळू कळत गेलं.

पुढच्या दिवशी दुपारी मुलगा आणि अण्णा डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांना दोष देणारा मी कोण? पोराला आईकडं बघवत नव्हतं. अण्णांबरोबर आलेल्या माणसांना परत जायचं होतं, शिवाय सगळ्यांना अर्थ ठाऊक होता. मुलगा म्हणाला, "विचार झाला. घरी नेतो." आणि सही केली.

खाली झाडाशी मी मालकांजवळ होतो. समोर दार उघडलं आणि स्ट्रेचर आलं. एक वॉर्डबॉय चालता चालता पिशवी दाबत होता. काकींचे पाय चादरीबाहेर आले होते. अ‍ॅम्ब्युलन्सचं मागचं दार उघडं होतं.

मालक खुर्चीतून उठले. ते असे एकदम उठलेले मी कधी बघितले नव्हते.

"आरं," ते म्हणाले, "माझा इचार व्हायचाय अजून."

मुलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, झाला विचार. आम्ही सगळ्यांनी मिळून केला."

"मला इचारलासा?"

वॉर्डबॉय म्हणाला, "चला, चला, हात दुखतोय." अण्णांनी मालकांना दंडाला धरून गाडीत बसवलं, दार लागलं, गाडी गेली.

खुर्ची तिथंच राहिली. टेम्पो बघायला वेळ नव्हता. रखवालदार आला, त्यानं काही न बोलता एका बाजूनं हात लावला, आणि आम्ही ती माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर उलटी टाकून दोरीनं आवळली. चारी पाय आभाळाकडं. असा मी बिंदू चौकाच्या गर्दीत अडकलो. पुढं सायरनचा आवाज बारीक होत गेला. शेजारच्या रिक्षावाल्यानं खुर्चीकडं बघून विचारलं, "काय पावणं, निवडून आलासा काय?" मला हसू आलं. एरवी हे मी रंगवून सांगतो, सगळ्या आवाजांसकट, आणि माणसं खदखदून हसतात. त्याच्या पुढचं मग सांगत नाही.

गल्लीत शिरलो तर दारात चपलांचा ढीग आणि आतून बायकांचा आवाज. कळलं. खुर्ची सोडवून, एकाची मदत घेऊन मी सोप्यात आणली, पण ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर काकी होत्या. आम्ही दोघं ती उचलून तसेच उभे राहिलो.

अण्णा माझ्याजवळ आले. त्यांचा सगळा राग ओसरला होता. म्हणाले, "पिशवी काढल्यावर दाजी तिच्या कानाशी वाकलं. मला वाटलं देवाचं नाव घ्यायला लागलं. म्या कान दिला. तर तिला इचारत हुतं. तुला जायाचं हाय काय गं, असं. दोनदा इचारलं."

"मग?"

"मग काय. ती गेलती की तवा."

त्यानंतर मालकांनी विचार करणं सोडलं.

मला ते आधी लक्षात आलं नाही. माझ्या खोलीत आता एक शिकवणीचे क्लास घेणारा तरुण राहतो. त्यानं विचारलं, मालक, फळ्यासाठी भिंतीत बोल्ट मारू का? मालक म्हणाले, मारा. मधली भिंत पाडू का? पाडा. पुढं मोठा फ्लेक्स लावू का? लावा. तो पोरगा खुश. मंडळाची पोरं दोरीचं विचारायला आली, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मालक म्हणाले, बांधा. कुठल्या खांबाला ते सांगितलं नाही. ती पोरं तिथून सरळ माझ्या घरी आली. त्यांच्यातला एक दांडगा पैलवान गडी चप्पल न काढता दारातच उभा राहून म्हणाला, "काका, मालक बरं हायत न्हवं?"

मुलानं त्यांना विचारलं, पुण्याला येता? येतो. गेले. महिन्याभरानं त्यानं विचारलं, कोल्हापूरला जायचंय का? जातो. आले. एकदा त्यानं, अंदाज घ्यायचा म्हणून, फोनवर विचारलं, बाबा, घर विकूया का? विका. त्यानं तो फोन ठेवला आणि मला लावला. म्हणाला, "काका, ते सगळ्याला हो म्हणतात. मला त्यांना काही विचारायचीच भीती वाटायला लागलीय."

मी रविवारी जायचो. मालक दाराशी स्टुलावर बसलेले असायचे. भिंतीवर त्यांच्या जुन्या फुल्या, आणि फुल्या सोडून भलतीकडंच मारलेले बोल्ट, वायरी, पोपडे. ते त्यांच्याकडं बघतही नसत. अंग खरंच आकसलं होतं. सदरा खांद्यावरून उतरायचा.

वर्षश्राद्ध जवळ आलं. मुलाचा फोन आला, "काका, आईचा फोटो भिंतीवर लागला नाही अजून. पाहुणे येतील. तुम्ही जाऊन तेवढा लावाल? विचारायची गरज नाही, ते हो म्हणतील."

मी हातोडी आणि खिळा पिशवीत टाकून गेलो. सोप्याच्या कोपऱ्यात ती लोखंडी खुर्ची होती आणि खुर्चीत काकींचा मोठा, चौकटीतला फोटो टेकवून ठेवलेला. तेराव्याला हाराचं सामान आवरताना कुणीतरी तात्पुरता ठेवला, तो तिथंच राहिलेला. हार वाळून त्याच्या पाकळ्या बैठकीवर पडल्या होत्या. फोटोत काकी काहीतरी विचारायच्या बेतात होत्या, तोंड अर्धवट उघडं.

"मालक," मी म्हणालो, "काकींचा फोटो भिंतीवर लावूया ना?"

मी खिळा बोटांत धरून उभा होतो. त्यांचं 'लावा' येणारच होतं.

मालकांनी भिंतीकडं बघितलं. मग फोटोकडं. पुन्हा भिंतीकडं, सावकाश, वरपासून खालपर्यंत. आणि म्हणाले, "इचार करतो."

खरं सांगतो, मला नाचावंसं वाटलं. या एका वाक्यावर तरुणपणी मी दातओठ खाल्ले होते. मुलाला फोन करून सांगावं, मंडळाच्या पोरांना सांगावं, असं झालं.

"करा, करा," मी म्हणालो. "बसा की मग खुर्चीत."

"खुर्चीत ती हाय."

ते इतक्या सरळपणे म्हणाले की मीही क्षणभर मान डोलावली. मग मला तो पेच दिसला. फोटो लावायचा तर विचार करायला हवा, विचार करायचा तर खुर्ची हवी, आणि खुर्ची मोकळी व्हायची तर फोटो लागायला हवा. वर्षभर हा माणूस त्या पेचाशेजारी स्टुलावर बसून होता.

"मी उचलतो की," मी म्हणालो. "तेवढ्यापुरता खाली ठेवू."

"उचला," मालक म्हणाले. "पर आधी तिला इचारा."

मी हातोडी पिशवीत परत टाकली. माडीवर क्लासवाल्याचं ड्रिल चालू होतं. वरून भुगा गळत होता. मी खुर्चीसमोर उभा राहिलो आणि नाटकातला आवाज बाजूला ठेवून, काकींशी बोलायचो तसं म्हणालो, "काकी, फोटो उचलू का?"

मालकांनी मान कलती केली आणि कान पुढं केला.

ड्रिल थांबलं. घर एकदम गप्प झालं. थोडा वेळ वाट बघून मी हात पुढं नेला, तेव्हा मालकांनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी ओठावर ठेवलं.

"थांबा, पावणं," ते अगदी हळू म्हणाले. "तिचा इचार चाललाय."